खळ्यावरच्या तीन रांगा

सुगी आली की माझं कामात लक्ष लागत नाही. हल्याळच्या पेठेत माझी दोन खोल्यांची वकिली आहे. कार्तिक सरतो, वारा कोरडा होतो, आणि खिडकीखालून नव्या पेंढ्याच्या गाड्या जायला लागतात. तो वास आत आला की समोर अशील बसलेला असो, दावा कसलाही असो, मी पेन खाली ठेवतो. कारकुनाला हे ठाऊक आहे. तो अशिलाला चहा विचारतो.

याच दिवसांत माझ्या दारात आणखी एक पीक येतं. ते म्हणजे मुलाला वकील करायला निघालेले बाप. भात घरात आलेलं असतं, हातात जरा बळ असतं, म्हणून ते आत्ताच येतात. परवा रामनगरचे नागोजीराव आले. मूळचे खानापूरकडचे, इथं किराण्याचं दुकान. त्यांनी माझ्या टेबलावर तीन कॉलेजांची तीन छापील माहितीपत्रकं एकापुढं एक मांडली आणि म्हणाले, "साहेब, तीनच गोष्टी सांगा. खर्च कुठं कमी येतोय, आत कुणाला घेत्यात, आणि बाहेर पडल्यावर भाकरी कुठं लौकर मिळतीय."

प्रश्न चोख होता. मी म्हटलं, "बसा, सांगतो." आणि माहितीपत्रक उचललं, तेवढ्यात खालून पेंढ्याची गाडी गेली. मग माझं मन कुठं गेलं ते नागोजीरावांना काय ठाऊक. ते बिचारे चहा पीत बसले.

त्या सुगीला मी तेवीस वर्षांचा होतो आणि बी.ए. माझ्या डोक्यात गेली होती. बेळगावात बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालो, धारवाडला बी.ए. झालो, आणि कुंभारवाड्याच्या पलीकडं सतरा घरांच्या आमच्या वाडीत परत आलो तेव्हा मला वाटत होतं की झाडंसुद्धा माझ्याकडं बघतायत. धोतराचा सोगा सांभाळत मी बांधावरून चालायचो. माझी थोरली बहीण, आक्का, कापणी करता करता मान वर न काढता म्हणायची, "फोंडू, बी.ए.ला चिखुल लागंल हां, सांभाळ."

आक्का कमी वयात विधवा होऊन माहेरी आली होती. वाडीचं बियाणं तिच्याकडं असायचं. सतराही घरं पुढच्या वर्षाचं बी तिच्या हवाली करत. वैशाखात ती प्रत्येक घरच्या बियातले शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात बांधायची, पेंढ्याखाली दडपायची आणि काही दिवसांनी फडकं सोडून मोड आलेले मोजायची. दाणा दिसायला किती टपोरा आहे याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. एखाद्याचं भात सोन्यासारखं दिसायचं आणि फडक्यात निम्मं मुकं राहायचं. मग ती त्या घरी जाऊन सांगायची, "तुमचं खायाला ठेवा. पेरायला दुसऱ्याचं घ्या." कुणी तिच्याशी वाद घातल्याचं मला आठवत नाही.

माझे वडील, आप्पा, वाडीचे गावकर. त्यांना सही येत नव्हती, पण त्यांच्या शब्दावर सतरा घरं चालत. घरांच्या मधोमध सारवलेली मोकळी जागा आहे. तिला आम्ही मांड म्हणतो. लग्न, तंटा, शिकारीची वाटणी, जे काय असेल ते मांडावर बसून ठरायचं. मांडाचा एक नियम होता. ज्याच्याशी गोष्ट लागून आहे तो माणूस हजर नसेल, तर मांड ती गोष्ट काढतच नाही. तो रुळाच्या कामावर कॅसलरॉकला गेलेला असो नाहीतर गोव्यात, मांड थांबतो. एका बांधाचं भांडण असंच तीन वर्षं थांबलं होतं, कारण त्यातला एक भाऊ सासुरवाडीला जाऊन राहिला होता. तो आला, मांड बसला, भांडण घटकाभरात मिटलं. मला लहानपणी वाटायचं की सगळं जग असंच थांबत असणार.

हा नियम सांगितला कारण त्यातच आमची वाडी बुडायची होती.

भाद्रपदात, मी धारवाडला असताना, जंगल खात्याची माणसं आली आणि झऱ्याखालच्या आमच्या गद्द्यात, म्हणजे भाताच्या शेतात, बरोबर मधोमध एक पांढरा दगड पुरून गेली. दगडाच्या वरचं सगळं सरकारी रान. झरा वरच्या अंगाला. म्हणजे पाणी त्यांचं आणि कोरडी जमीन आमची. सतरा घरांचं निम्मं भात त्या एका गद्द्यातून यायचं. दिवाळीच्या सुमारास गार्डानं एक कागद आणून आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी तो बांबूच्या नळीत घातला, नळी चुलीवरच्या आढ्याला खोचली, आणि मांडावर सांगितलं, "कागदाला जाब देणारं आपलं माणूस शिकून येतंय. तवर कागद थांबंल." आणि सगळे निर्धास्त झाले. मला तर कुणी कागद दाखवलाही नाही. अजून वकील कुठं झालो होतो मी.

वाडीला वकील पाहिजे होता आणि मला मुंबई पाहिजे होती. दोन्ही एकच आहे असं मी धरून चाललो होतो.

मी पत्रं पाठवली होती. उत्तरं कॅसलरॉकला येऊन पडायची. पहाटे निघून रानातून चालत जायचं आणि टपाल घेऊन यायचं. तिथं स्टेशनात मी बाकावर बसून मुंबईच्या लॉ स्कूलचं माहितीपत्रक पहिल्यांदा उघडलं आणि घाटातून वर येणाऱ्या इंजिनाच्या धुरात ते तीनदा वाचलं. काय तो कागद, काय ती छपाई! पुण्याचंही होतं, जरा साधं. तिसरा रस्ता होता तो घरी बसून वकिलीची परीक्षा द्यायचा. त्याला मॅट्रिक पुरे, शाळा नको, पण पुस्तकं आपली आपण आणायची आणि पास कधी होऊ त्याचा भरवसा नाही. हा तिसरा रस्ता मी घरी सांगणारच नव्हतो. आक्कानं काढून घेतला माझ्याकडून.

मळणी उरकली तेव्हा खळ्यावर सगळी वाडी जमली होती. मी शहाण्यासारखा उभा राहून खर्च सांगायला लागलो. फी इतकी, खोली इतकी, खानावळ इतकी, पुस्तकं इतकी. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रुपये मला दिसत न्हाईत. मुड्या सांग."

मुडी म्हणजे पेंढ्यात भात घालून दोरीनं आवळून बांधलेलं गोल गाठोडं. नव्या मुड्या खळ्याच्या कडेला रचलेल्या होत्या. मी हिशेब करून आकडे सांगितले आणि माणसं उठली. घरी बसून द्यायच्या परीक्षेच्या मुड्या एका रांगेत मांडल्या, चार पावलांत संपल्या. पुण्याची रांग खळं ओलांडून कुंपणाच्या मेढीपर्यंत गेली. मग मुंबईची लागली. ती खळ्याबाहेर गेली, गोठ्याला वळसा घालून फणसाखाली गेली, आणि तिथं मुड्या संपल्या. वाडीत आणखी मुड्याच नव्हत्या. आप्पा म्हणाले, "फुडं दगूड ठेवा." मग दगड ठेवत गेले. रांग वहाळाच्या पाण्याशी पोचली तेव्हा कुठं माझी दोन वर्षं भरली.

मी त्या रांगेच्या शेवटाला जाऊन उभा राहिलो. तिथून खळं दिसत नव्हतं. सगळ्यांचे चेहरे देवळात असतात तसे झाले होते. विद्या किती मोठी असते ते त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यातल्या प्रत्येक मुडीत कुणाकुणाचं जेवण होतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर तरीही मुंबईच पाहिजे होती.

"संध्याकाळचे वर्ग असतात," मी म्हणालो. "दिवसा नोकरी करता येते. थोड्या मुड्या कमी होतील."

"आणि आत कुणाला घेत्यात?" आप्पांनी विचारलं.

"बी.ए. झालेल्याला."

"ते झालंय तुझं. बरं. आणि भाईर काय पडतंय?"

या प्रश्नासाठी तर मी टपलोच होतो. मी माहितीपत्रक उलगडून पास झालेल्यांची नावं वाचायला लागलो. बरीच होती. आक्का मुडीची दोरी आवळत होती, तिनं हात थांबवला.

"हे रुजलेलं झालं," ती म्हणाली. "आत किती घातलं हुतं?"

"म्हणजे?"

"फडक्यात किती दाणे घातले हुते? न रुजलेले कुठं लिवलेत?"

मी पान उलटलं. सुलटलं. "ते लिहीत नाहीत, आक्का."

"का बरं?"

मी बी.ए. होतो. तर्कशास्त्राचा पेपर मी चांगल्या मार्कांनी सोडवला होता. महिनाभर ती माहितीपत्रकं उशाला घेऊन झोपत होतो, पण हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नव्हता, आणि उभ्या जन्मात अक्षर न गिरवलेल्या माझ्या बहिणीनं तो दोरी आवळता आवळता विचारला. तिचं ते "का बरं" अजून मला कुणी नीट सोडवून दिलेलं नाही.

ठरलं असं की माहितीपत्रकांवर विश्वास ठेवायचा नाही. हल्याळच्या कचेरीत मुंबईला शिकलेला वकील होता, पुण्याला शिकलेला होता, घरी बसून पास झालेलाही होता. तिघांना जाऊन बघायचं. आक्का म्हणाली, "निस्तं बघून काय कळतंय? एकच काम तिघांस्नी द्यायाचं. एकच बी तीन फडक्यांत." आप्पांनी आढ्याची नळी काढली. तो जंगल खात्याचा कागद कसाही पडूनच होता, तोच परीक्षेला घ्यायचा.

आप्पा, आक्का आणि मी निघालो. सुप्यावरून हल्याळला दोन दिवसांची गाडीवाट. काळी नदी उतरून गेल्यावर आप्पांनी नळीतून कागद काढला आणि मला म्हणाले, "काय लिवलंय बघ तरी." मी तो वाचला. इंग्रजी भरजरी होतं. मी मराठीत ऐटीनं सांगितलं. हरकत असेल तर तीन महिन्यांत लेखी द्यावी, असं त्यात होतं. मी ते वाक्य सांगितलं आणि मनाशी बोटं मोजली. कागद दिवाळीला आला. म्हणजे अजून बराच वेळ आहे.

आप्पा म्हणाले, "असूं दे. तू शिकून येशील तवा देऊ."

त्याच क्षणी मी बोलायला पाहिजे होतं. आप्पा, हा मांड नव्हे, हा कागद थांबत नाही, असं सांगायला पाहिजे होतं. मी बोललो नाही. कागदाची घाई आहे म्हटलं असतं तर आप्पांनी शाळेचं बोलणं बाजूला ठेवलं असतं, आणि माझी मुंबई त्या दगडाखाली गेली असती. परत जाताना सांगू, असं मी स्वतःला समजावलं. आता म्हातारपणी हे लिहितानाही माझी मान खाली जाते.

मुंबईला शिकलेले वकील भले माणूस होते. त्यांच्या ओसरीवर अशिलांची रीघ होती. त्यांनी आप्पांना बसायला सांगितलं आणि दुपारनंतर बघतो म्हणाले. पुण्याचे तरुण होते. त्यांनी कागद हातात घेतला आणि वरच्या चार ओळी अशा खणखणीत आवाजात वाचल्या की मी भारावून गेलो. तेवढ्यात त्यांचा पुकारा झाला आणि ते कोर्टात गेले. तिसरे खटल्यासाठी धारवाडला गेले होते. आम्ही तिघं कचेरीच्या आवारात येऊन चिंचेखाली शिदोरी सोडून बसलो.

तिथं एक गृहस्थ लाकडी पेटीवर बसून लोकांचे अर्ज लिहीत होते. चाळिशीचे, अंगरख्याच्या बाह्या शाईनं काळ्या, दौत सुतळीनं पेटीला बांधलेली. सदाशिवराव म्हणत त्यांना. त्यांच्यासमोर एक म्हातारी बसली होती. तिचं बोलणं संपेपर्यंत त्यांनी लेखणी उचलली नाही. मग लिहिलं, आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. आक्का भाकरी हातात धरून बघत राहिली होती.

"आप्पा," ती म्हणाली, "त्येनला बी द्या की."

"ते वकील नाहीत, आक्का," मी हसून म्हणालो. "नुसते अर्ज लिहितात."

"असंनात. एक फडकं जास्त."

आप्पांनी कागद नेऊन दिला. सदाशिवरावांनी तो खालपासून वाचला. म्हणजे आधी तारीख, सही, शिक्का, मग मजकूर. आणि मान वर करून एकच विचारलं, "सुप्याच्या चावडीवर हा कधी चिकटवला?"

"भादव्यातल्या पुनवेला," आप्पा म्हणाले. "दगूड पुरला त्याच दिशी. आमच्या हातात दिवाळीला आला."

"मुदत हातात आल्यापासून नसते, गावकर. चावडीवर लागल्यापासून असते." त्यांनी बोटं मोजली. "उद्या दिवस मावळायला संपते."

आप्पांना पहिल्यांदा कळलंच नाही. ते म्हणाले, "संपती म्हंजे? आमचं माणूस शिकायला निगालंय. ते आल्याबिगर कसं संपंल?"

सदाशिवरावांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या डोक्यावर काळी टोपी होती, खिशात पेन होतं. त्यांनी काही विचारलं नाही. आप्पांनीही विचारलं नाही. आक्कानं विचारलं. "फोंडू, कागूद थांबत न्हाई ह्ये तुला ठावं हुतं?" मी म्हणालो, "मुदत ठाऊक होती. कुठून मोजायची ते नव्हतं." हातातली भाकरी तिनं फडक्यात परत बांधली.

पुढची घटका मी जन्मात विसरणार नाही. सदाशिवरावांनी कोरा कागद पेटीवर ठेवला आणि म्हणाले, "गावकर, मला तुमचं गद्दं दाखवा." आप्पा गोंधळले. "हितं कसं दाखवू?" "डोळे मिटा. वरच्या बांधावर उभे राहा. आणि चालायला लागा."

आप्पांनी खरोखर डोळे मिटले. कचेरीच्या आवारात, चारपाचशे माणसांच्या कलकलाटात, माझे वडील आमच्या गद्द्यात चालायला लागले. हितं आईनाचं झाड, आज्ज्यानं खूण केलेलं. हितनं झरा डाव्या हाताला. हितं पाट फुटतोय, तो माज्या बापानं काढला. हितं किंदळाचं झाड, वीज पडून निम्मं जळालंय. हितं बांध फुटतोय दर साली, म्हणून दगड लावलेत. सदाशिवराव मधूनच हळू विचारत, "आणि खालच्या अंगाला कोण?" आप्पा सांगत. गद्दं कुणाच्या नावावर, विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "नावावर? सतरा घरांचं हाय." मग त्यांनी सतराही कर्त्यांची नावं घेतली, उतारावरच्या घरापासून सुरू करून ओळीनं.

लिहून झाल्यावर त्यांनी सगळं वाचून दाखवलं. कायद्याचे शब्द होते, कलमं होती, पण आईन होता, जळका किंदळ होता, पाट होता. आप्पा ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यांना ते पुसायचं भान नव्हतं. "हेच," ते म्हणाले. "हेच हाय आमचं गद्दं. कागदात मावलं ते." मी धारवाडला मोठमोठी भाषणं ऐकली होती. माणसाच्या बोलण्याची एवढी किंमत राखलेली मी कुठं बघितली नव्हती. आप्पांनी सतरा घरांच्या वतीनं अंगठा उठवला आणि त्याच दिवशी अर्ज आत गेला. पोचपावतीवर शिक्का बसला तेव्हा मी पावती दोन्ही हातांनी घेतली.

आक्कानं मग सदाशिवरावांना विचारलं, "तुमी खंयच्या शाळंतले?"

ते दौतीचं बूच लावत म्हणाले, "तुमचा भाऊ जायचं म्हणतोय तिथलाच. एक परीक्षा झाली, दुसरी राहिली. वडील वारले, धाकटी भावंडं होती, परत आलो. अकरा वर्षं झाली."

"तुमच्यासंगं किती जण हुते?"

"खोलीत आम्ही पाच. दोघं वकील झाले."

"तुमी तिसरे. बाकीचे दोगं?"

सदाशिवरावांनी लावलेलं बूच परत काढलं. "ठाऊक नाही," ते म्हणाले. "अकरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं."

वाडीत परतलो आणि मांड बसला. आता गोष्ट पक्की झाली होती. अर्ज गेला, चौकशी लागणार पुढच्या सुगीच्या सुमाराला. साहेबासमोर उभं राहून बोलायला सनद असलेला माणूस लागतो. अर्ज लिहिणाऱ्याला तिथं उभं राहता येत नाही. हल्याळच्या वकिलांना तर आमचा कागद पुरा बघायलाही सवड नव्हती. मी शिकून यायला दोन वर्षं. आप्पांनी सगळं सांगितलं. कागद थांबत नाही, हे त्यांनी मांडाला समजावून सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज नवं गाव बघून आलेल्या माणसासारखा होता.

मग आक्का म्हणाली, "अर्धा मोड आलेला दाणा हाय की तितं झाडाखाली."

सगळे तिच्याकडं बघायला लागले.

"त्येंची एकच परीक्षा ऱ्हायलीया. सा महिन्यांचं काम. मुड्या मांडून बगा."

मुड्या मांडल्या. फी, खोली, आणि मागं हल्याळला त्यांच्या बायकामुलांना लागेल तेवढं भात. रांग खळ्याच्या आतच संपली. पुण्याच्या रांगेच्या निम्मीसुद्धा झाली नाही. माणसं हरखून बघत राहिली, आणि मला कळलं की माझी मुंबई गेली.

मला राग आला होता, तो लपवायचा नाही. परका माणूस, आपल्या जातीचा नाही, नात्याचा नाही, आणि सतरा घरांचं भात त्याच्यावर? मी तसं बोललोही. आप्पा म्हणाले, "व्हय, परका हाय. पर त्येनं आमचं गद्दं बघितलंय. तू गाडीत बसून कागूद वाचलास." यापेक्षा जास्त ते मला आयुष्यात कधी बोलले नाहीत.

आप्पा आणि मी परत हल्याळला गेलो. सदाशिवरावांनी ऐकलं आणि बराच वेळ लेखणीचं टोक पुसत राहिले. "मी तुमचा कोण?" एवढंच त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले, "ते तुमी परत आल्यावर ठरवू. मांड थांबंल."

ते गेले. त्यांच्या पेटीवर, चिंचेखाली, मी बसलो. आप्पांचाच हुकूम होता तो. धारवाडचा बी.ए. लोकांचे अर्ज लिहीत बसला. पहिल्या आठवड्यात मी बोलणं संपायच्या आत लेखणी उचलायचो. नंतर हात पेटीवर ठेवून ऐकायला शिकलो. कागद खालपासून वाचायला शिकलो. पुढं मी पुण्याला गेलो, दोन सुग्यांच्या मुड्यांवर वकील झालो, पण मला विचाराल तर माझी शाळा त्या चिंचेखालची.

सदाशिवराव गेले त्याच्या पुढच्या सुगीला मी घरी आलो होतो, तेव्हा कॅसलरॉकला तार आली की ते येतायत. निकालाचं काही नव्हतं तीत. घरी जायचं तर लोंढ्याहून त्यांनी अळणावरकडं जायला पाहिजे होतं. ते उलट्या दिशेनं कॅसलरॉकला आले. मी आणि आक्का पहाटे निघून स्टेशनात गेलो. ते उतरले. काळवंडले होते, केस पिकले होते. मी निकाल विचारायला तोंड उघडलं, पण ते आधी आक्काकडं वळले.

"बाई, ते दोघं सापडले," ते म्हणाले. "एक मुंबईतच आहे, गिरणीत कारकून. दुसरा रत्नागिरीकडं शाळामास्तर झालाय. दोघांची नावं लिहून आणलीत."

आक्कानं मान हलवली. तिच्या डोळ्यांत केवढं समाधान होतं. मग ते म्हणाले, "आणि मी पास झालो."

चौकशीला साहेबासमोर ते उभे राहिले. कायद्याचं बोलले ते थोडंच. नंतर म्हणाले, साहेबांनी या गावकरांना डोळे मिटून चालू द्यावं आणि नकाशाशी ताडून बघावं. आप्पा चालले. साहेब नकाशावर बोट ठेवून त्यांच्या मागोमाग. जळक्या किंदळापाशी आल्यावर साहेबांचं बोट थांबलं, नकाशातही बरोबर तिथंच झाडाची खूण होती, आणि त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. दगड झऱ्याच्या वर सरकवायचा हुकूम झाला. पण जुना दगड कुणी नेला नाही. आम्ही तो उपटून खळ्याच्या कडेला टाकला आणि आक्का मरेपर्यंत त्यावर बसून मुड्या आवळायची.

नागोजीरावांचा चहा केव्हाच संपला होता. त्यांनी खाकरून मला परत आणलं. "मग साहेब, कुठलं घ्यायचं म्हनता?"

मी माहितीपत्रकं उघडली. तीनही शाळा चांगल्या आहेत, खरंच चांगल्या. मी त्यांना खर्च सांगितला, प्रवेशाचं सांगितलं, कुठले लोक कुठं वकिली करतायत तेही सांगितलं. ते खूश होऊन उठायला लागले आणि उठता उठता म्हणाले, "थोरल्याला बी घातला हुता साहेब, पर त्याचं काय जमलं न्हाई. दुकानात बसतोय. आता ह्या धाकट्यावरच भिस्त."

"थोरला कुठवर आला होता?"

"गेला हुता की दीड-दोन वरीस."

"किती राहिलं त्याचं?"

नागोजीराव परत खुर्चीत बसले. रोज एका दुकानात, एका तराजूशेजारी ते दोघं बसत होते. त्यांना ठाऊक नव्हतं.

मी तिन्ही माहितीपत्रकं गोळा करून त्यांच्या हातात दिली. "आधी घरी जाऊन त्याला विचारा," मी म्हटलं. "मग या."